शब्दपरिचय : प्रतिशब्द आणि लक्षण

मुलानें इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, कीं एक मराठी प्रतिशब्द सांगून मोकळें व्हावें, असा आपल्या घरांतून रिवाज आहे. परंतु प्रतिशब्द म्हणजे लक्षण नव्हे. तर्कसंग्रह शिकतांना गाईचा दृष्टान्त येतो. कपिल वर्णाची ती गाय म्हटल्यास पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. शिंगें असलेली ती गाय म्हटल्यास म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. हीच कसोटी इंग्रजी शब्दांस लावून पाहूं.

बॉरो, लेंड : दोहोंस 'उसनें' हा एकच शब्द सांगितल्यानें मुलें घोटाळतात. परत करण्याच्या बोलीनें घेणें तें बॉरो. परत मिळण्याच्या बोलीनें देणें तें लेंड.

यस्टर्डे, टुमॉरो : १९४८ पर्यंत येथें निजामाचें राज्य होतें व शहरास औरंगाबाद म्हणत. वरच्या इयत्तांचें माध्यम उर्दू असल्यानें मराठी मुलगा इंग्रजीहि उर्दूंतून शिके. उर्दूंत या दोन्ही शब्दांस 'कल' हाच शब्द; मराठी कानास मात्र तो 'काल' वाटावयाचा. आजच्या मागचा दिवस व आजच्या पुढचा दिवस, असें सांगितल्यास संशय उरत नाहीं.

कझिन : 'चुलतभाऊ' म्हटल्यास आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि चारी नात्यांच्या बहिणी सुटतात. आईच्या अथवा वडिलांच्या भावाबहिणींचें अपत्य, हें लक्षण निर्दोष. आपल्याकडे या एका शब्दाच्या जागीं आठ शब्द आहेत, ते उगाच नव्हेत. कित्येक देशस्थ घराण्यांत मामेबहिणीशीं विवाह होत असे. चुलतबहीण मात्र सगोत्र म्हणून निषिद्ध. हा भेद एका शब्दांत राहता ना. आज इंग्रजी माध्यमांतील नातवंडें सर्वांसच कझिन म्हणतात. त्यांस शब्द जरूर शिकवावा, पण कोणाचा कोण हें विचारल्यावांचून सोडूं नये.

कँडीच्या १८४७ सालच्या इंग्रजी-मराठी कोशांत एकेका शब्दापुढें अनेक प्रतिशब्द दिसतात, ते शोभेसाठीं नव्हेत. एकानें जें सुटतें, तें दुसऱ्यानें धरावयाचें असतें.

आतां मुलांस एक प्रश्न घालावा : चेअर म्हणजे 'बसावयाचें साधन', या लक्षणांत दोष कोणता? जेवावयास बसतांना पाटाकडे पाहिलें, तर उत्तर सांपडेल.