आधी भांडी मोजा, मग शटर दाखवा

दिवाळीच्या तोंडावर आपल्या व्यवसायात कामाची झुंबड उडते. बहुतेक चौकश्या सारख्याच असतात. जुन्या ट्रॉल्या नीट सरकत नाहीत, आत नुसती गर्दी झाली आहे, शटर जुनाट दिसतात. आपल्याकडून जाणारे उत्तरही ठरलेले: सगळे काढून नवीन करू, कॅटलॉग पाठवतो. आमची विनंती अशी की, कॅटलॉग उघडण्याआधी प्रत्येक खण उपसावा, आतल्या वस्तू ओट्यावर मांडाव्यात आणि त्यांना टेप लावावा. हे काम घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसासमोरच व्हायला हवे.

तयार मिळणारा कटलरी ट्रे मुळात काटे, सुऱ्या आणि जेवणाचे चमचे यांच्यासाठी बेतलेला आहे. आपल्याकडचे लाटणे बारा-चौदा इंचांचे असते. झारा, उलथणे आणि मोठी पळी त्याहूनही लांब. सांडशी पसरट, किसणीला धार, पोळपाटाला खालून पाय. या वस्तू कप्प्यांत मावत नाहीत, मग आडव्या-तिरक्या पडतात, झाऱ्याचा दांडा वरच्या पट्टीला अडतो आणि ट्रॉली अर्ध्यावर थांबते. शेवटी ही सगळी हत्यारे गॅसशेजारच्या स्टँडमध्ये उभी राहतात आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेल्या ट्रॉलीत औषधांच्या पट्ट्या आणि विजेची बिले साठतात. वीस इंची चॅनेल लावतोच आहोत, तर खणाच्या पूर्ण खोलीएवढे दोन लांब कप्पे लाटणे-झाऱ्यासाठी सोडावेत आणि उरलेल्या रुंदीत चमच्यांची सोय करावी. आतल्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकू नयेत, खाचेत बसवाव्यात. घरातली माणसे बदलतात, भांडीही बदलतात. मिसळणाच्या डब्याची उंची झाकणासकट मोजावी आणि गॅसच्या सर्वांत जवळचा वरचा खण त्याला द्यावा. सोऱ्या, पुरणयंत्र, करंजीचे कातणे यांना सणापुरते बाहेर यायचे असते, त्यांना तळाचा खण चालतो.

हा विचार नवा नाही. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले, तेव्हा ओट्यापाशी उभ्या बाईच्या हालचालींचा बारकाईने हिशेब केला होता. तांदूळ, साखर अशा जिनसांसाठी त्यात नावे घातलेले, ओतायला चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण होते. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठातले किडे दूर राहतात. आज आपण विकतो ती सगळी मॉड्युलर किचन त्या आखणीची वारसदार आहेत. तिथल्या मापांची आपण हुबेहूब नक्कल केली, पण माप घेण्याची पद्धत मात्र उचलली नाही.

सरकण्याची तक्रार आली की दोष चॅनेलच्या माथी मारला जातो. महाराष्ट्रात असंख्य घरांत ट्रॉल्या कडप्प्याच्या उभ्या फरशांमध्ये बसवलेल्या आहेत. त्या फरश्या क्वचितच ओळंब्यात असतात. पुढचे अंतर आणि मागचे अंतर यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज निघतो. साध्या बॉलबेअरिंग चॅनेलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२.७ मिलिमीटर जागा लागते, आणि ती पुढून मागपर्यंत सारखीच लागते. तेव्हा जुने चॅनेल काढून महागडे सॉफ्ट-क्लोज लावण्याआधी तीन ठिकाणी अंतर मोजून पॅकिंग द्यावे. कित्येक ट्रॉल्या एवढ्यानेच सुटतात. ओशटलेल्या, पिठाने भरलेल्या रुळात घरचे लोक गोडेतेल सोडतात, ते कालांतराने चिकट होते आणि पीठ आणखी धरते. रूळ कोरड्या फडक्याने पुसायचे, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणे आपलेच काम आहे.

वजनाचेही तसेच. पाच-पाच किलो धान्याचे चार डबे म्हणजे वीस किलो झाले, डब्यांचे वजन वेगळे. चॅनेलवर लिहिलेला भार जोडीचा असतो, एका पट्टीचा नव्हे. छत्तीस इंच रुंद खणाला सहा मिलिमीटरचा तळ दिला तर तो झोळणारच.

बाहेरच्या बाजूबद्दल थोडक्यात. सांगाडा शाबूत आहे का, हे सिंकखालच्या तळाला पेचकस टोचून पाहावे. प्लायवूड टणक असेल तर फक्त शटर आणि हँडल बदलून काम भागते. हँडल घेताना भोकांमधले अंतर मोजावे: बाजारात ९६, १२८ आणि १६० मिलिमीटरची मापे चालतात, पण जुन्या कारागिराने चार इंचांवर भोके पाडली असतील तर ते अंतर १०१.६ भरते आणि ९६चे हँडल बसत नाही. गॅसजवळच्या खणांना मेंब्रेनचे शटर देऊ नये, उष्णतेने ते सुटते. समुद्रकाठच्या घरांत २०२ ग्रेडच्या बास्केट खपवू नयेत, ३०४च द्याव्यात आणि बिलावर तसे लिहावे.

अशा दुरुस्तीच्या कामात नव्या किचनएवढा पैसा नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच मापे घेण्याच्या भेटीचे शुल्क वेगळे लावावे आणि ते आधी सांगून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाचकांनी आपापल्या भागातल्या घरांत घेतलेली मापे आम्हाला कळवावीत: लाटणे, पोळपाट, झारा, मिसळणाचा डबा, भाकरीचा तवा. कोकण, देश, विदर्भ, मराठवाडा असे वेगवेगळे तक्ते करून ते पुढच्या अंकांत छापू.