ऐकीव वार्ता आणि शेतकऱ्याची जबाबदारी

हल्लीं खेड्यापाड्यांतून वर्तमानपत्र येण्यापूर्वींच बातमी येऊन पोहोंचते. बाजारभाव, पाऊसमान, रोगकिडीची सूचना, सरकारी योजनेची माहिती, हें सर्व शेतकऱ्याच्या हातांतील मोबाइलवर क्षणार्धांत उमटतें. ही सोय लहान नव्हे. तिचा अव्हेर करावा असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु ज्या वाटेनें खरी माहिती येते त्याच वाटेनें खोटीही येते, आणि बहुधा अगोदर येते. या खोट्या वार्तेचा फटका पुष्कळदां शेतकऱ्यासच बसतो, आणि तिचा प्रसारही पुष्कळदां आपणच करितों, याकडे वाचकांचें लक्ष वेधण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

सन २०२० च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांतील प्रकार वाचकांच्या स्मरणांत असेलच. कोंबडीचें मांस खाल्ल्यानें कोरोना होतो, अशी आवई व्हॉट्सअॅपवरून उठली. तिला शास्त्राचा कसलाही आधार नव्हता. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानेंही तसा खुलासा केला. पण खुलासा पोहोंचेपर्यंत गिऱ्हाईक तुटलें होतें. मांसाची कोंबडी सुमारें ४० दिवसांत विक्रीस येते. ती ठेवून घ्यावी तर रोज खाद्य खाते, आणि विकावी तर भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खालीं! कित्येकांनीं पक्षी फुकट वाटले, कित्येकांनीं खड्डे खणून पुरले. खाद्याची मागणी घटल्यामुळें मक्याच्या भावासही धक्का बसला. धान्याचा व्यापारी कोठारास कुलूप लावून अफवा ओसरेपर्यंत थांबूं शकतो. कोंबडी, दूध, भाजीपाला यांच्या उत्पादकास तेवढी सवड नसते. आणि तोच निरोप मका पिकविणाऱ्या कित्येक घरांतूनही पुढें गेला असेल, हें विशेष खेदाचें आहे.

पैशाचें नुकसान एखादे वेळीं भरून निघतें. गेलेला जीव परत येत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें, मुलें पळविणारे समजून जमावानें ५ जणांस ठार मारिलें. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलें पळविणाऱ्या टोळ्या आल्याच्या वावड्या त्यापूर्वीं मोबाइलवरून फिरत होत्या. ज्यांनीं त्या पुढें पाठविल्या त्यांतील बहुतेकांनीं काठी हातीं धरली नसेल. पण तेवढ्यावरून ते दोषमुक्त झाले असें आम्हांस वाटत नाहीं.

"मला आलें तें मीं पुढें पाठविलें, त्यांत माझा काय दोष?" असा बचाव नेहमीं ऐकूं येतो. तो टिकणारा नाहीं. सोयाबीनचें घरचें बियाणें पेरण्यापूर्वीं आपण १०० दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितों, आणि निदान ७० उगवले तरच तें पेरणीस योग्य मानितों. शेजाऱ्यास द्यावयाचें असेल तर ही खात्री अधिकच करितों. मग वार्ता तेवढी न पारखतां कां द्यावी? शेजारी ती खरी मानतो ती तुमच्या नांवावर. मूळ लिहिणारा कोण, हें त्यास ठाऊक नसतें.

सरकारनें व कंपनीनें बंदोबस्त करावा, असेंही कांहीं जण म्हणतात. व्हॉट्सअॅपनें २०१८ सालीं एक निरोप एका वेळीं ५ हून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास भारतांत मनाई केली, आणि फार फिरलेल्या निरोपास २०२० मध्यें ती मर्यादा एकावर आणिली. अशा निरोपावर दोन बाणांची खूण असते. ती दिसतांच सावध व्हावें. हे उपाय चांगले आहेत, परंतु पाठविणाऱ्याच्या विवेकाची जागा ते घेऊं शकत नाहींत.

तेव्हां गांवोगांवच्या शेतकरी गटांनीं स्वतःच कांहीं नियम करावे, अशी आमची सूचना आहे. भाव कळवावयाचा तर बाजार समितीचें नांव, तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तिन्ही दर द्यावे. नुसता कमाल दर पाहून माल नेणारा फसतो, कारण तो दर पुष्कळदां एखाद्या निवडक गाडीसच मिळालेला असतो. पावसाचा अंदाज हवामान खात्याचा आहे कीं कोणाच्या तर्काचा, तें स्पष्ट लिहावें. योजनेच्या नांवानें आलेली अनोळखी फाइल उघडूं नये, ओटीपी कोणासही सांगूं नये. आणि पैसे गेलेच तर लाजेनें गप्प न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: आपण दिलेली माहिती खोटी ठरल्यास ती ज्या गटांत दिली त्याच गटांत दुरुस्ती करावी. निरोप नुसता पुसून टाकल्यानें तो वाचलेल्यांच्या मनांतून जात नाहीं.

यांतील एकाही गोष्टीस पैसा लागत नाहीं. लागतो तो थोडा धीर, आणि तो शेतकऱ्याच्या अंगीं इतरांपेक्षां अधिकच असतो. तो धीर वार्ता पुढें पाठवितांनाही दाखवावा, इतकीच आमची सर्व बंधुभगिनींस विनंति आहे.