धावत्या गाडीतील कोरडे नळ

महात्मा गांधींनी सप्टेंबर १९१७ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातील उतारूंच्या हालअपेष्टांविषयी वृत्तपत्रांना एक पत्र लिहिले होते. मुंबईहून मद्रासपर्यंतच्या प्रवासातील अनेक गोष्टी त्यात नोंदवलेल्या आहेत. शौचकूप प्रवासभर साफ झाला नाही आणि पाण्याच्या टाकीत पाणीच नव्हते, ही त्यांपैकी एक. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तिसरा वर्ग नावाने तरी नाहीसा झाला, वाफेची इंजिने गेली, विजेवर धावणाऱ्या वेगवान गाड्या आल्या. टाकीची तक्रार मात्र गेलेली नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०२५ मध्ये संसदेपुढे आला, त्यानुसार संडासात व हात धुण्याच्या जागी पाणी नसल्याच्या एक लाखाहून अधिक तक्रारी २०२२-२३ या एका वर्षात रेल्वेकडे नोंदवल्या गेल्या. त्यांतील सुमारे एक तृतीयांश तक्रारींचे निवारण ठरलेल्या वेळेत झाले नाही. तक्रार न नोंदवता पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन संडासाकडे वळलेल्यांची गणती अर्थातच कोठेही नाही.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. रात्रभराच्या प्रवासात अनेक स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. मधुमेहाचे रुग्ण, वृद्ध माणसे, तान्हे मूल घेऊन निघालेली आई, परीक्षेसाठी परगावी जाणारा विद्यार्थी या सर्वांच्या आरोग्याशी आणि प्रतिष्ठेशी त्याचा संबंध आहे.

टाकी भरलेली, नळ कोरडा

नळ कोरडा म्हणजे गाडीत पाणी भरले नाही, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या पद्धतीच्या डब्यांत टाक्या छतात असत व पाणी आपल्या वजनानेच खाली येई. नव्या एलएचबी डब्यांत मोठ्या टाक्या डब्याच्या तळाशी असतात आणि विजेचा पंप ते पाणी वर चढवतो. येथे वीज खंडित झाली, पंप बंद पडला, गाळणीत गाळ साचला किंवा नळीत हवा अडकली, तर खाली टाकी भरलेली असतानाही वर थेंब पडत नाही. अशा वेळी पुढच्या स्थानकावर पाणी भरण्याचा नेहमीचा उपाय करणे म्हणजे पोट दुखत असता डोक्याला लेप लावणे होय. आधी दोष कोठे आहे ते शोधले पाहिजे. आणि दोष शोधणारा माणूस गाडीत किंवा वाटेवरच्या स्थानकात हजर असला पाहिजे.

गळतीचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. जुन्या शयनयान डब्यात ७२ शायिका आणि साधारण १८०० लिटर पाणी, म्हणजे माणशी पंचवीस लिटर. एका तोटीचा वॉशर झिजून मिनिटाला अर्धा लिटर पाणी वाहून गेले, तर तासाला तीस आणि बारा तासांत ३६० लिटर पाणी रुळांवर सांडते. डब्यातील साठ्याचा हा पाचवा हिस्सा झाला. दोन-चार रुपयांच्या वस्तूपायी पहाटे साऱ्या डब्यावर निर्जळी ओढवते.

चार खाती, एक नळ

रेल्वे प्रशासनाला या गोष्टी ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. अडचण जबाबदारीच्या वाटणीत आहे. डब्यातील टाकी व तोटी यांत्रिक विभागाची. पंप व त्याची वीज विद्युत विभागाची. फलाटाजवळची नळवाहिनी अभियांत्रिकी विभागाची. आणि गाडी किती वेळ थांबवायची, हे ठरविणार परिचालन विभाग. उतारूच्या दृष्टीने नळ एकच असतो. पण तो कोरडा पडला की या चौघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. गाडीला उशीर झाला की थांबा आखडता घेतला जातो. मग रबरी नळी घेऊन रुळांमधून धावणाऱ्या कामगाराने निम्मे डबे भरेपर्यंत हिरवा दिवा लागतो. या कामगाराला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अधिक दाबाने काही मिनिटांत सबंध गाडी भरणारी नवी यंत्रणा अनेक स्थानकांवर बसविण्यात आली, हे स्वागतार्ह आहे. तथापि निवडलेल्या सर्व स्थानकांवर ती वेळेत उभी राहिली नाही, असे उपरोक्त अहवालातच नमूद आहे.

यात उतारूंचाही वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. तोटी पळविणारे, दाबाच्या नळात काडी अडकवून तो वाहता ठेवणारे, जैविक शौचालयात बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या टाकणारे आपल्यातीलच आहेत. ही शौचालये तुंबण्याच्या तक्रारींवर महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात बोट ठेवले होते. मनमाडसारख्या गावाने वर्षानुवर्षे पाण्याचे दुर्भिक्ष सोसले. अशा गावातील फलाटावरून भरलेले पाणी गाडीत उधळण्याचा अधिकार तिकीट काढल्याने कोणालाही मिळत नाही. परंतु उतारूंची बेशिस्त हे देखभाल न करण्याचे निमित्त होऊ शकत नाही. उलट जेथे वापर आडदांड, तेथे तपासणी अधिक वारंवार हवी.

दाखला हवा

यावर उपाय रेल्वेच्याच कार्यपद्धतीत आहे. ब्रेक तपासून त्यांच्या क्षमतेचा स्वाक्षरीचा दाखला मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. त्या दाखल्यावर सही करणारा माणूस ओळखता येतो, म्हणूनच ब्रेकची तपासणी कागदावर राहत नाही. पाण्यासाठीही असाच दाखला का नसावा? टाकी भरली, पंप चालवून पाहिला, गाळणी साफ केली, प्रत्येक तोटी उघडून मिटून पाहिली, एवढ्या चार नोंदी आणि खाली एकाच जबाबदार कर्मचाऱ्याची सही. पाण्यावाचून गाडी रोखून धरावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु दोष कोणत्या डब्यात आहे, याची लेखी सूचना पुढील स्थानकाला जावी आणि तेथे दुरुस्त करणारा माणूस वॉशर व पाना घेऊन उभा असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. भरलेल्या डब्यांची संख्या मोजण्याऐवजी वाहत्या नळांची संख्या मोजली जावी, एवढाच याचा अर्थ.

हे अशक्य आहे, असे रेल्वेला म्हणता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले असता याच रेल्वेने कोटा येथील कर्मशाळेत टाक्यांच्या वाघिणी धुऊन घेतल्या, मिरजेत त्या भरल्या आणि पहिल्याच खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचविले. त्या वेळी प्रत्येक टप्प्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित होती आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. रोजच्या गाडीतील नळाकडे देशाचे लक्ष नसते, म्हणून तेथे सहीची गरज अधिक.

आपल्याकडे नवी गाडी सुरू झाली की हिरवा झेंडा दाखविण्याचा समारंभ होतो. जुन्या गाडीची तोटी बदलली, तर तिचा समारंभ होत नाही. पण उतारूंची सोय झेंड्यापेक्षा तोटीवरच अधिक अवलंबून असते. १९१७ मध्ये गांधीजींनी केलेली तक्रार परक्या राज्यकर्त्यांच्या कारभाराविरुद्ध होती. आज रेल्वे आपली आहे आणि डबेही आपण बांधतो. तेव्हा त्या तक्रारीचे उत्तर देण्याची जबाबदारीही आता आपलीच आहे.