बाळसें आणि रक्तवाहिन्या

गेल्या भाद्रपदांत आमच्या दहा वर्षांच्या नातवास डेंग्यूचा ताप आला. मुलगा अंगानें चांगलाच भरलेला. येणारा-जाणारा त्याच्या बाळशाचें कौतुक करी, आणि शाळेंतून आल्याबरोबर त्याच्या हातीं तूप-साखरेची पोळी आम्हीच देत असूं. चौथ्या दिवशीं ताप उतरला, म्हणून आम्हीं देवापुढें साखर ठेवली. त्याच सायंकाळीं पोट दुखूं लागलें, वांत्या थांबेनात, हातपाय गार पडले. रुग्णालयांत तर गुबगुबीत हाताची शीर सांपडतां सांपडेना. तीन रात्रींनंतर मुलगा सुखरूप परतला; परंतु डॉक्टरांनीं जें समजाविलें तें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

रक्तवाहिनीच्या आंतून एकाच पेशीच्या जाडीचें अस्तर असतें. रक्तांतील द्रव आंत राखणें, रक्त अकारण गोठूं न देणें आणि नायट्रिक ऑक्साइड हा वायु निर्माण करून वाहिनी सैल ठेवणें, हीं त्याचीं नित्यकर्में. या वायूविषयींच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

चरबी म्हणजे निमूट पडून राहिलेली सांठवण, ही आमची समजूत खोटी ठरली. फाजील चरबींतून दाह वाढविणारीं द्रव्यें रक्तांत सतत उतरतात आणि तें अस्तर बाळपणींच त्रासून जातें. अमेरिकेंतील बोगालुसा गांवीं १९७३ पासून मुलांची पाहणी चालली. तींतील जे पुढें अपघातादिकांनीं अकालीं वारले, त्यांच्या धमन्यांत तरुण वयांतच चरबीचे पट्टे आढळले. स्थूलता, रक्तदाब इत्यादि दोष जितके अधिक, तितके ते पट्टेही अधिक.

डेंग्यूंत घाला पडतो तो याच अस्तरावर. ताप उतरण्याच्या सुमारास रक्तांतील द्रव बाहेर झिरपूं लागतो, व ही गळती एक-दोन दिवस चालते. स्थूल मुलांत रोग बिकट होण्याचा संभव अधिक, असें अनेक अभ्यासांत दिसून आलें आहे. त्यांस सलाइनही प्रत्यक्ष वजनावरून न देतां उंचीस योग्य अशा वजनावरून द्यावें लागतें. अन्यथा पाणी जास्त होऊन श्वास कोंडतो.

एकच व्याधि कृश आणि स्थूल अशा दोघांस जडली, तर ती स्थूलास अधिक पीडा देते, असें चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत सांगून ठेविलें आहे. तो अध्याय आम्हीं कित्येकदां वाचला होता. पण घरांतील मुलाकडे पाहून तो कधीं आठवला नाहीं!

मुलास उपाशी ठेवावें किंवा लठ्ठ म्हणून हिणवावें, असें आमचें म्हणणें नाहीं. दोष त्याचा नव्हे, वाढणाऱ्या हाताचा. रोज तासभर धांवणें-खेळणें, पुरेशी झोंप आणि येतां-जातां मिळणाऱ्या गोडास आळा, एवढें वडील माणसांच्या हातीं आहे. आणि डेंग्यूंत ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊं नये. पोटदुखी, वांत्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानि दिसल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

असो. पोळीची ती वेळ आतां आम्ही नातवासह टेकडीवर घालवितों. तो पुढें धांवतो. आम्ही मागून काठी टेकीत जातों.