आत्याची सही

परवा रात्री आमच्या मेसवर जेवणं साडेदहापर्यंत लांबली. भांडी राहिली म्हणून बायको माझ्यावर चिडली, पण दोष माझा नव्हता. विषयच तसा निघाला.

नवीन वाचकांसाठी सांगतो. एमआयडीसी आली, आंबीकडे कॉलेजं आली, तसं आमच्या नवलाख उंबऱ्यात बऱ्याच जणांनी खोल्या बांधल्या. आमच्याकडे इंजिनिअरिंगची पोरं राहतात आणि शेजारच्या खोल्यांतल्या फार्मसीच्या मुली जेवायला येतात. त्यातल्या एकीची वादविवाद स्पर्धा आहे. विषय : समलिंगी विवाह आणि त्याचे मुलांवर होणारे परिणाम. तिला बाजूने बोलायचंय. ती सरावाला उभी राहिली आणि सगळे तिच्यावर तुटून पडले.

मला वाटलं होतं, पोरं एक तर 'शी' म्हणतील नाहीतर मोबाईलमध्ये डोकं घालतील. तसं झालं नाही. लग्नाला फारसा कुणाचा विरोधच नव्हता. "करू द्या की काका, आपलं काय जातं?" प्यू नावाच्या संस्थेने २०२३ मध्ये भारतात पाहणी केली होती, त्यात ५३ टक्के लोकांनी अशा लग्नाला कायद्याची मान्यता असावी असं सांगितलं होतं. मला तेव्हा तो आकडा खोटा वाटला होता. आता माझ्याच ओसरीवर दिसला.

पण सगळे अडले ते मुलांपाशी. बीडचा एक पोरगा आहे, अभ्यासू, शांत. तो म्हणाला, "लग्न ठीक, पण मूल नको. शाळेत पोरं चिडवून चिडवून त्याचा जीव घेतील." खोटं कशाला बोलू, माझंही मत तेच होतं. मी मानसुद्धा हलवली.

ती मुलगी तयारीची होती. म्हणाली, अमेरिकेत १९८६ पासून दोन आयांच्या घरातल्या मुलांचा पाठपुरावा केलाय. ती मुलं पंचविशीची झाली तेव्हा तपासलं, मानसिक आरोग्यात इतर तरुणांपेक्षा काही फरक नाही. त्याच अभ्यासात लहानपणी ज्यांना चिडवलं गेलं त्यांना त्रास जास्त झाल्याचंही दिसलंय. उलट निष्कर्षाचा एक गाजलेला अभ्यास २०१२ चा आहे, पण त्यातली बरीच मुलं मोडलेल्या घरांतली होती. घर मोडल्याचा परिणाम आणि दोन आया असल्याचा परिणाम एकाच पोत्यात भरला, अशी त्याच्यावर टीका झाली.

"ते अमेरिकेतलं," बीडवाला म्हणाला. "आमच्या गावात येऊन बघ."

"मग चिडवणारी पोरं कुणाची? त्यांना घरी कुणी काही म्हणत नाही का?" ती म्हणाली.

इथं मी मध्ये तोंड घातलं, कारण मला माझी आत्या आठवली.

मी पाच वर्षांचा असताना वडील गेले. नवऱ्याने टाकलेली आत्या आमच्याकडेच होती. आई आणि आत्या, दोघींनी आम्हा तीन भावंडांना वाढवलं. भातलावणीला दोघी, आमच्या तापात उशाशी दोघी. त्या नणंद-भावजय होत्या, जोडपं नव्हे, तुलना मी ताणत नाही. पण घरात दोन बायका आणि बाप नाही, याचा मुलांवर काय परिणाम होईल, असा वाद आमच्यावरून कुणी घातला नाही.

परिणाम झाला, पण तो वेगळ्याच गोष्टीचा. सातवीत शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. आई आजारी, पुण्याला दवाखान्यात. आत्या सही करायला शिकली होती, मोडकीतोडकी का होईना. शाळेत सांगितलं, आत्या चालणार नाही. शेवटचा दिवस. आत्याने मला वडगावला चुलत्यांकडे चालत नेलं. चुलत्यांनी अर्ज न वाचता सही केली आणि मला विचारलं, "कितवीत आहेस रे?" ज्यांना माझी इयत्ता माहीत नव्हती, त्यांची सही चालली.

आता कायदा बघा. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. दत्तकाच्या प्रश्नावर मात्र ३ विरुद्ध २. चंद्रचूड आणि कौल म्हणाले, अविवाहित जोडप्यांना दत्तक नाकारणारा नियम चुकीचा आहे, आणि स्त्री-पुरुषाचं लग्नाचं जोडपंच मुलाला स्थिर घर देऊ शकतं असं दाखवणारं काही समोर नाही. बहुमताने नियम तसाच ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. त्याआधी २०२२ मध्ये शेजारच्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

म्हणजे आज एकट्या बाईला मूल दत्तक घेता येतं, दोघींना मिळून नाही. दोघी एकत्र राहत असल्या, दोघी रात्री जागत असल्या, तरी कागदावर आई एकच. ती उद्या अपघातात गेली, तर दुसरी त्या मुलाची कोण? माझी आत्या निदान रक्ताची होती, तरी अडली. मुलांवरच्या परिणामाची काळजी करणाऱ्यांनी (परवापर्यंत मीही त्यांच्यातलाच) हा परिणामही मोजायला हवा.

आणि चिडवण्याचं म्हणाल, तर तुमच्या मार्कशीटवर जिचं नाव आहे त्या सावित्रीबाईंचं घर बघा, असं मी पोरांना म्हटलं. १८७४ साली तिने आणि जोतिरावांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेतलं. यशवंत. पुण्यात तेव्हा लोक काय बोलले असतील? त्याला मुलगी द्यायला कुणी तयार होईना. १८८९ मध्ये हडपसरच्या ससाण्यांनी दिली. पुढच्या वर्षी जोतिराव गेले तेव्हा भाऊबंद दत्तक पोराच्या हक्कावरून भांडायला उभे राहिले, शेवटी टिटवं सावित्रीबाईंनीच हातात धरलं. तो पोरगा डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने आईबरोबर रोग्यांची सेवा केली. आईही त्याच प्लेगात गेली. त्या मुलाला त्रास झालाच. पण 'लोक चिडवतील' म्हणून फुल्यांनी त्याला परत पाठवला असता, तर त्याचं भलं झालं असतं का?

फॉर्म तर बदलतात, हे आपण नुकतंच बघितलंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असं आपल्याच राज्य सरकारने ठरवलं. त्यावरही पारावर चेष्टा झाली होती. आता कुणी बोलत नाही.

बीडच्या पोराचं मत पूर्ण बदललं असं नाही. "काका, कोर्टाने नाही, संसदेने ठरवायला पाहिजे," म्हणाला. त्यात तथ्य आहे. बहुमताचा सूरही साधारण तोच होता. पण संसदेपर्यंत विषय न्यायचा तर आधी आपल्या ओसरीवर निघायला हवा, आणि तिथं तो 'मुलांचं काय' या एका वाक्यावर संपतो.

ताट उचलताना त्यानेच विचारलं, "आत्यांची सही मग कुठं चालली का कधी?"

सही नाही चालली. माझ्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून तिचं नाव छापलं होतं. चुलत्यांच्या खाली.