तळघरातली कॅसेट

मंडळी, घर विकायचं ठरलं म्हणून या उन्हाळ्यात आम्ही उभयता तळघर आवरायला बसलो. जुन्या रजयांखाली काय सापडावं? चिरंजीवांची निन्टेन्डोची राखाडी कॅसेट, 'डकटेल्स'!

१९८९ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने काढलेला हा खेळ. टीव्हीवरच्या त्याच नावाच्या मालिकेतले कंजूष स्क्रूजकाका काठीवर टणाटण उड्या मारत ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चक्क चंद्रावर हिरे गोळा करत हिंडतात. मारामारी म्हणाल तर काठीसकट कुणाच्या डोक्यावर उडी, एवढीच. तेव्हा आम्ही निर्धास्त होतो.

एका सुट्टीत पुण्याहून भाचा आला. त्याने हेच काका दूरदर्शनवर हिंदी बोलताना पाहिलेले! चिरंजीवांचं मराठी मोडकं, भाच्याचं इंग्रजी त्याहून मोडकं, पण कंट्रोलर हातात आला आणि दोघांचं जमलं. हिमालयाच्या भुसभुशीत बर्फात काठीवर उडी मारली की काका रुतून बसतात. ते रुतले की दोघं खिदळत. "बाबा, हा आपलाच हिमालय ना?" चिरंजीवांनी विचारलं. हो म्हणालो. आम्ही तरी कुठे पाहिला होता!

भांडणं व्हायची ती टीव्हीवरून. टीव्ही एकच. खेळ थोडा वेळ थांबवता येई, पण सेव्ह करून उद्या पुढे खेळायची सोय या कॅसेटमध्ये नव्हती. बंद केला की सारं पहिल्यापासून. हे आम्हाला ठाऊक नव्हतं (खरं म्हणजे विचारलंच नव्हतं). एका संध्याकाळी बातम्या लावायच्या म्हणून आम्ही सरळ बटण बंद केलं. पोरगा काही बोलला नाही. जेवलाही नाही.

२०१३ मध्ये हा खेळ नव्याने निघाला. मालिकेत स्क्रूजचा आवाज देणारे ॲलन यंग यांनीच, वयाच्या ९३व्या वर्षी, पुन्हा आवाज दिला. चिरंजीवांनी तो आपल्या लेकीसाठी घेतला, हे आम्हाला परवा कळलं, कॅसेट टाकू का म्हणून फोन केला तेव्हा.

"टाकू नका," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बाबा, तू स्विच ऑफ केलास ना, तेव्हा मी मूनवर होतो."

त्या दिवशी बातम्या कसल्या होत्या, ते आम्हाला काही केल्या आठवेना.