आठवडे संपले, दुखणे नाही

फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात डिसेंबर २००९ मध्ये आग विझवताना अग्निशमन दलाच्या एका जवानाच्या गुडघ्याला आणि कमरेला जबर इजा झाली. पाठीच्या कण्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई मिळत होती. १०४ आठवडे भरले आणि ती बंद झाली. डॉक्टर अजून कामावर जाऊ देत नव्हते. त्याने कायमच्या अपंगत्वाची भरपाई मागितली, तर उपचार चालू असताना ती देता येत नाही, असे सांगण्यात आले. तात्पुरता म्हणावा तर मुदत संपलेली, कायमचा म्हणावा तर वेळ आलेली नाही! मधले कित्येक महिने घर कशावर चालवायचे, याचे उत्तर कायद्यात नव्हतेच.

कामगार भरपाईचा कायदा मुळात एक सौदा आहे. मालकाला कोर्टात खेचण्याचा हक्क कामगाराने सोडायचा आणि त्याबदल्यात, चूक कोणाची हे न पाहता, त्याच्या हाती खात्रीने पैसे पडायचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये न्यूयॉर्कचा कायदा उचलून धरला तो या देवाणघेवाणीकडे पाहूनच. फ्लोरिडात तात्पुरत्या अपंगत्वाच्या भरपाईची मुदत एकेकाळी ३५० आठवड्यांची होती. ती २६० वर आली, मग १९९४ पासून १०४ वर. कोर्टाचे दार मात्र कामगाराला बंदच राहिले. याला फसवणूकच म्हणायला हवे. जून २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दाद मागण्याच्या हक्कावर बोट ठेवून ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली आणि २६० आठवडे परत आणले. तोवर त्या जवानाच्या अपघाताला साडेसहा वर्षे होत आली होती.

पेनसिल्व्हेनियात तर कामगार बरा झाल्याचे डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र जोडून विमा कंपनीने अर्ज टाकला, की सुनावणीआधीच पैसे थांबत. १९८४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने हे न्याय्य प्रक्रियेच्या विरुद्ध ठरवले. पण १९९९ मध्ये त्याच राज्यातल्या उपचारांच्या बिलांच्या खटल्यात अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय म्हणाले, खासगी विमा कंपनीने पैसे अडवले तर ते सरकारचे कृत्य होत नाही. हे पटत नाही. अडवण्याची मुभा कायद्यानेच दिलेली असते. भरपाई तोडायची असेल तर आधी नोटीस द्या, कामगाराचे आणि त्याच्या डॉक्टरचे ऐकून घ्या, आणि निकाल लागेपर्यंत त्याचा चेक चालू ठेवा.